तान्ह्या अंगाचे तेल



या व्यासपीठावरून गेले काही दिवस आपण जे विषय ऐकलेत त्यांची पत्रिका माझ्यासमोर आहे. तीत राज्यघटना आहे, ज्ञानेश्वरी आहे, चंद्रावर जाणारे यान आहे. त्यांच्या पंक्तीला माझा विषय म्हणजे तेलाची वाटी! निमंत्रण आले तेव्हाच मी चालकांना कळवले होते की, मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. तलासरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. त्यांचे उत्तर आले, "म्हणूनच तर बोलावतो आहोत." या उत्तराने माझी सुटका झाली की पंचाईत, ते आपण तासाभराने ठरवावे.

डहाणू म्हटले की आपल्याला चिकू आठवतो. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तर अधिकच. किनाऱ्याला पारशी-इराणी बागाइतदारांच्या वाड्या, नारळ, ताड, मासळीची वाळवण. पण स्टेशनच्या पूर्वेला वळून आपण तलासरीच्या वाटेला लागलो की तासाभरात देखावा पालटतो. चढउताराची जमीन, मधूनच साग, करंज, मोह. शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंती, आणि वस्ती मुख्यतः वारल्यांची. शिवाय कोकणा, धोडी, दुबळा या जमाती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला आणि हे दोन्ही तालुके त्यात आले. कागदावर जिल्हा एक झाला, पण घरातले तेल काही एक झाले नाही. किनाऱ्याला बाळाच्या अंगाला खोबरेल लागते, आणि रानात ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे मोहाचे.

या मोहाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मोह फुलतो फाल्गुन-चैत्रात. पहाटे फुले टपटप गळतात आणि बायकापोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जमतात. या फुलांची इंग्रज सरकारला इतकी धास्ती होती की, १८९२ साली मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी एक स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधने आली. कारण उघड आहे, दारूचा महसूल. पण मला बोलायचे आहे ते फुलांविषयी नव्हे, बीविषयी. बी हाती येते पावसाच्या तोंडाशी. तिला कुठे मोहट्या म्हणतात, कुठे टोळंबी, गुजरातच्या बाजूला डोळी. टरफल फोडून आतला गर वाळवायचा, कुटायचा, वाफवायचा आणि दाबून तेल काढायचे. आता बहुतेक लोक घाणीवरच नेतात. तेल पिवळसर, वासाला उग्र, आणि थंडी पडली की तुपासारखे थिजते. त्यात भाजी शिजते, दिवा जळतो, पायांच्या भेगा भरतात. साबणाच्या कारखान्यांनाही ते लागते. मागे उरते ती पेंड मात्र विषारी. तिच्यात रिठ्यासारखा फेस काढणारे एक द्रव्य असते. ती डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात. एकाच बीच्या पोटात अन्न आहे आणि विषही आहे. बाजारात एखाद्या बाटलीवर 'नैसर्गिक' हा शब्द वाचला की मला हटकून ही पेंड आठवते.

आता माझ्या घरची हकीकत. २०२१ च्या डिसेंबरात माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी डहाणूला आली. नात झाली. पूर्ण दिवसांची, वजन ३ किलो १०० ग्रॅम, रडणे असे की शेजारच्यांना पेढे द्यायच्या आधीच बातमी कळली. दहाव्या-बाराव्या दिवशी तिच्या पोटऱ्यांवरची नि पावलांवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटू लागली. वस्तुतः पूर्ण दिवसांच्या बाळाची अशी कातडी सुटतेच आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप जाते. मला हे ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि आजी असणे निराळे! घरात लगेच तीन पक्ष पडले. माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, तीळतेल कोमट करून चोळा. मी खोबरेलाची. आणि मुलीने मुंबईहून एक बाटली आणलेली. तिच्यावर हिरवी पाने, दवाचे थेंब, आणि 'नैसर्गिक' हा शब्द दोनदा. भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत मागे घटकांची यादी होती. तिच्यात पहिले नाव खनिज तेलाचे, म्हणजे पेट्रोलियम शुद्ध करून काढलेल्या तेलाचे, आणि शेवटचे सुगंधाचे. मधे कुठेतरी बदाम.

मी त्या बाटलीवर उगाच रागावणार नाही. चांगले शुद्ध केलेले खनिज तेल कातडीला अपायकारकच असते असे नाही. ते वरच बसते आणि आतला ओलावा उडू देत नाही. परंतु तिसऱ्या दिवशी नातीच्या मानेच्या वळीत आणि काखेत लाल पुरळ उठले. बाटली बंद केली, चार दिवसांत पुरळ गेले. सुगंधाने उठले, की आमच्या चोळण्याने, की लोकरीच्या झबल्याने? आम्ही त्याच दोन दिवसांत साबण बदलला होता, झबले बदलले होते आणि डाळीचे पीठही लावून पाहिले होते. चार गोष्टी एकदम बदलल्या की दोष कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शाळेत मुलांना मी तीस वर्षे सांगत आले होते की, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. घरी पाळणा हलला आणि आजीबाई सगळे विसरल्या.

आमच्याकडे न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी तलासरीच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या. वारली. पाटावर बसून, पाय लांब करून, बाळाला पोटऱ्यांवर घेऊन त्या न्हाऊ घालू लागल्या की पाहत राहावे. हाताला घाई कशी ती नाही. पुरळ पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "बाई, पोराला गाव नको, घर पुसा." मला प्रथम अर्थ लागेना. त्यांना म्हणायचे होते की, दहा जणांचे ऐकू नका, बाळालाच विचारा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदरातून एक लहानशी बाटली काढली. तळाशी पिवळे तेल थिजलेले. मोहाचे.

मावशींचा मान राखायचा होता आणि नातीची कातडीही. म्हणून आम्ही नातीलाच विचारायचे ठरवले, पण रीतसर. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी नाजूक असते, तिथे रुपयाएवढ्या जागी एक थेंब लावला. चोवीस तास तिथे दुसरे काही लावले नाही. एका दिवसाने पाहिले, दोन दिवसांनी पाहिले. लाली नाही, पुटकुळी नाही, बाळ तिथे हात नेत नाही. मग डाव्या पायाला मोहाचे आणि उजव्या पायाला खोबरेल, असे आठ दिवस. साबण तोच, पाणी तेवढेच गरम, झबले सुती. रोज काय दिसले ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिले. जावईबापू येऊन ते वाचते झाले आणि त्यांना वाटले, मुलीच्या पायांत काही दोष निघाला!

निकाल काय लागला? दोन्ही पाय सारखे. सुटणारी कातडी दोन्हींकडची सारखीच गेली. मोहाच्या तेलाचे पिवळे डाग झबल्यांवर राहिले, वास खोलीभर राहिला आणि ते दर वेळी कोमट पाण्यात बाटली धरून पातळ करावे लागे. पुढे होळीनंतर उकाडा वाढला, तेव्हा तेल कोणतेही असो, वळ्यांमध्ये साचले की घामोळे येई. म्हणून वळ्यांत लावणेच सोडले. एका बाळाच्या दोन पायांवरून शास्त्र ठरत नाही, हे मी जाणते. पण त्यामुळे मला प्रश्न नीट विचारता येऊ लागला, आणि मग ज्यांनी पुष्कळ बाळांचे पुष्कळ पाय मोजले त्यांचे लिहिलेले मी मिळवून वाचू लागले.

तेलाआधीचे तेल कोणते, हे तिथे मला कळले. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर लोण्यासारखा पांढरा थर असतो. त्यात सुमारे दहा भागांपैकी आठ भाग पाणी, एक भाग स्निग्ध पदार्थ आणि एक भाग प्रथिने. हा थर कातडी मऊ ठेवतो, ऊब धरून ठेवतो आणि जंतूंना थोपवतो. खरोखर नैसर्गिक म्हणावे असे तेल हेच! आणि आम्ही काय करतो? 'घाण लागली आहे' म्हणून जन्मल्या जन्मल्या घासूनपुसून काढतो. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की, पहिली आंघोळ निदान चोवीस तास तरी घालू नये. माझ्या दोन्ही मुलांना मी तासाभरात न्हाऊ घालून घेतले होते, आणि स्वच्छतेचा केवढा अभिमान मिरवला होता.

आता मोजण्या. २००० साली आपल्याच देशातल्या एका पाहणीत सहा आठवड्यांच्या १२५ सुदृढ बाळांचे गट पाडून चार आठवडे निरनिराळ्या तेलांनी मालिश केले. तीळतेलाच्या गटाची वाढ आणि मालिशनंतरची झोप चांगली दिसली. जाऊबाईंना हे वाचून दाखवले, तेव्हापासून त्या शास्त्राला फार मानतात. २००५ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी खोबरेल घेतले. काही बाळे अपुऱ्या दिवसांची, दीड ते दोन किलोंची. काही पूर्ण दिवसांची. कोणाला खोबरेल, कोणाला खनिज तेल, कोणाला नुसती पावडर. दिवसातून चार वेळा मालिश. रुग्णालयात शिकवलेल्या व्यक्तीने आणि घरी गेल्यावर आईने, बाळ एकतीस दिवसांचे होईपर्यंत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोबरेलाच्या गटाचे वजन खनिज तेलाच्या आणि पावडरीच्या, दोन्ही गटांपेक्षा वेगाने वाढले. त्याच साली ढाक्याच्या बालरुग्णालयातील पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे अगदी लवकर जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावले, तर रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळला. पुढच्या सगळ्याच पाहण्यांत इतका ठळक फायदा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. नाही तर मी तेलाची दलाल ठरेन.

आता दुसरी बाजू. इंग्लंडात मँचेस्टर येथे ११५ नवजात, पूर्ण दिवसांच्या बाळांवर चार आठवडे प्रयोग झाला. काहींना ऑलिव्हचे तेल, काहींना सूर्यफुलाचे, आणि काहींना काहीच नाही. तेल लावलेल्यांच्या कातडीत ओलावा अधिक होता. परंतु कातडीच्या वरच्या थरात स्निग्ध पदार्थांची जी रचना पहिल्या आठवड्यांत घडत जाते, ती तेल न लावलेल्या बाळांत अधिक नीट घडली. म्हणजे सुदृढ बाळाला तेलावाचून काही अडत नाही. आपल्या आज्या हे ऐकतील तर सभा उधळून लावतील. पण मला यात आज्यांचा पराभव दिसत नाही. मालिश म्हणजे केवळ तेल नव्हे. तो अर्धा तास आहे, जेव्हा घरातल्या सगळ्या कामांना मागे सारून कोणीतरी फक्त त्या बाळाकडे पाहत असते. त्याची मान धरते की नाही, डोळा पिवळा आहे की काय, बेंबी ओली आहे का, हे न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हाताला सर्वांआधी कळते.

तेलातेलांत फरक का पडतो, तेही थोडक्यात सांगते. कातडीचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा आहे. पेशी या विटा आणि स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्याला लिनोलिक नावाचे एक आम्ल लागते. ते करडईत भरपूर, नेहमीच्या सूर्यफुलात भरपूर आणि आपल्याकडे डोंगरउतारावर जी खुरासणी पिवळीधमक फुलते तिच्यातही पुष्कळ. उलट ओलिक नावाचे आम्ल फार असले तर ते हा चुना सैल करते. ऑलिव्हच्या तेलात ते फार. मोहाच्या तेलातही त्याचा वाटा मोठा, बाकीचा बराच भाग थिजणाऱ्या स्निग्धांचा. मोहरीच्या तेलाने तर प्रयोगशाळेत उंदरांच्या कातडीची ही भिंत दुरुस्त व्हायला उलट वेळ लागला. तेव्हा परदेशातून आलेली महाग ऑलिव्हची कुपी जो बाप मोठ्या प्रेमाने आणतो, त्याला मी सांगेन, ती कोशिंबिरीवर घाला. घरातले शेंगदाण्याचे तेलही चिरलेल्या, ओलसर, खाजणाऱ्या कातडीला लावू नये. तशा कातडीतून शेंगदाण्याची वावडी सुरू होण्याचा संभव असतो, असे २००३ साली इंग्लंडातल्या एका पाहणीत दिसले.

आणि शुद्धता. सुटे तेल घेताना माझा हात आता थबकतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले; अंगाला सूज येऊन साठाहून अधिक माणसे दगावली. पोटात गेले म्हणून, असे आपण म्हणाल. परंतु हे विष मालिशमधून कातडीवाटेही अंगात जाते, हे डॉक्टरांनी त्याच्याही आधी नोंदवलेले आहे. धोतराही नैसर्गिकच. आपल्या रस्त्याच्या कडेला उगवतो.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी सांगताना मला संकोच वाटतो. १९८४ साली माझा मुलगा दोन महिन्यांचा होता. त्याचे नाक चोंदले होते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी सांगितले, नाकात तेलाचे दोन-दोन थेंब सोड, कानात सोड, मोकळे होईल. मी शिकलेली, शिक्षिका, पण सासुरवाशीण. रोज सोडले. तिसऱ्या आठवड्यात त्याला खोकला लागला तो जाईना, छाती भरली. डॉक्टरांनी विचारले, नाकात काही घालता का? तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते आणि तिथून निघत नाही. त्याचा निराळाच न्युमोनिया होतो. माझा मुलगा वाचला, आज चाळिशीत आहे. पण त्या महिन्याभराच्या रात्री मी विसरलेले नाही. नाकात, कानात, तोंडात तेल नाही, इतके एक तरी येथून घरी न्यावे. आणि टाळू 'भरायची' म्हणून मऊ टाळूवर दाबून तेल जिरवणेही नाही. टाळू तेलाने भरत नसते, हाडे वाढून भरते.

इथपर्यंत मी जे बोलले ते तुमच्या-माझ्या घरचे. या भाषणाचे निमंत्रण मी स्वीकारले ते मात्र दुसऱ्या एका घरासाठी.

२०२२ च्या ऑगस्टात मावशी आमच्याकडे चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या त्या ओट्यावरच बसल्या. त्यांच्या सुनेला मुलगा झाला होता, महिनाभर आधी. वजन १७०० ग्रॅम. बाळ सरकारी रुग्णालयात होते. दोन आठवड्यांनी त्याला घरी सोडले, तेव्हा मी पाड्यावर गेले. पाऊस कोसळत होता. बाळ म्हणजे हाताच्या पंजाएवढे तोंड, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा मोजाव्यात. अशा बाळाची कातडी ही अर्धवट बांधलेली भिंत. तिच्यातून पाणी उडते, ऊब उडते, आणि ऊब राखण्यात त्याचे प्यालेले दूध खर्ची पडते. शीवच्या आणि ढाक्याच्या डॉक्टरांनी जे मोजले ते अशाच बाळांवर. माझ्या गुटगुटीत नातीच्या पायांवर आम्ही आठ दिवस जी परीक्षा घेतली, ती मुळात चुकीच्या घरात घेतली होती.

मी सहज विचारले, "मावशी, तुमचे मोहाचे तेल आहे ना?" त्या हसल्या. "कुठलं तेल, बाई? मोहट्या जूनमध्येच दिल्या." पावसाच्या तोंडाशी व्यापारी येतो. घरातले धान्य तेव्हा संपत आलेले असते, भाताच्या लावणीला अजून अवकाश असतो. मीठमिरची आणि छत्रीसाठी बी विकून झाली होती. मला दिलेली ती पिवळी बाटली त्यांच्या घरातली शेवटची होती. चुलीपाशी तेलाची एक छोटी पिशवी होती, कोपरा कापून वर टाचणी लावलेली. त्यातले चमच्याने मोजून भाजीत जायचे. दारात मोहाची दोन मोठी झाडे. अर्धा तालुका ज्या हातांनी न्हाऊमाखू घातला, त्या हातांना स्वतःच्या नातवासाठी चमचाभर तेल नव्हते.

या भागात मुलांच्या अंगाकडे पाहण्याची एक जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्या लक्षात आले की, मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे. तिथूनच अंगणवाडी. तिथे अक्षरांच्या आधी आंघोळ होती. नखे कापणे, केस विंचरणे हा अभ्यासच होता. आमच्या पिढीतल्या शिक्षिका कोसबाडकडे पाहूनच वाढल्या. खरजेने भरलेले हात पाटीवर ठेवून 'अ' गिरवणारी मुले मीही पाहिली आहेत. तेव्हा मावशींच्या ओट्यावरून नुसते हळहळून परत येणे मला शक्य नव्हते.

आम्ही काय केले ते सांगते. रुग्णालयातल्या परिचारिकेला आधी विचारले. त्या म्हणाल्या, तेलाच्या आधी आईची छाती. बाळाला फक्त टोपरे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीशी उभे बांधायचे, वरून लुगडे. दिवसाचे जितके तास जमतील तितके. १९७८ साली कोलंबिया देशात बोगोटाच्या एका रुग्णालयात उबवण्याच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून तिथल्या डॉक्टरांनी ही रीत काढली. आज तिला कांगारू पद्धत म्हणतात आणि जगभर ती मानली जाते. मावशींना यात काही नवल वाटले नाही. त्यांची सून मात्र लाजली, घरात सासरे. मावशींनी सासऱ्यांना आठ दिवस ओसरीवर झोपायला पाठवले. मग तेल. बोर्डीच्या ओळखीच्या वाडीतून मी घाणीचे खोबरेल आणले, लहान लहान बाटल्यांत भरून, म्हणजे एक उघडली तरी बाकीचे ताजे राहील. बशीत थोडे काढायचे, बाटलीत बोटे बुडवायची नाहीत. हात साबणाने धुऊन, चुलीशी ऊब घेऊन, चोळायचे नाही, नुसते पसरायचे. दूध काढून झाले की साय हलकेच बाजूला करावी तसे. इथे मला मावशींना शिकवावे लागेल असे वाटले होते. पण त्यांनी पहिल्यांदा हात ठेवला तो असा ठेवला की, परिचारिकाच म्हणाल्या, "यांनाच आमच्याकडे पाठवा."

तीन महिन्यांनी बाळ ३ किलो २०० ग्रॅम झाले. यात तेलाचा वाटा किती, आईच्या दुधाचा किती, छातीच्या उबेचा किती, आणि भर पावसात ओढा ओलांडून वजनकाटा घेऊन येणाऱ्या आशाताईंचा किती, ते वेगवेगळे काढून दाखवणे मला शक्य नाही. इथेही आम्ही चार गोष्टी एकदमच बदलल्या होत्या, पण या खेपेला मला त्याचे वाईट वाटले नाही.

मोहाच्या तेलाचे काय, असे मला पुष्कळ जण विचारतात. शहरातले एक गृहस्थ तर त्याची बाटली भरून 'आदिवासी बालतेल' म्हणून विकायचा बेत घेऊन आले होते. मी त्यांना चहा दिला आणि विचारले, बी किती भावाने घेणार? त्यांनी जो भाव सांगितला तो व्यापाऱ्याचाच. माझे मत निराळे आहे. मोहाचे तेल बाळाच्या अंगाला लागलेच तर, आधी कोपरापाशी पाहून, लागू द्यावे. परंतु त्याची खरी जागा भाजीच्या टोपात आहे. पाड्यावरची बाळंतीण पेज पिऊन बाळाला पाजते. तिच्या ताटात चार चमचे तेल रोज पडले, तर ते बाळाच्या अंगाला चोळलेल्या वाटीभर तेलापेक्षा त्याच्या अधिक उपयोगी पडेल. आई अशक्त, दिवस अपुरे, वजन कमी. या साखळीत मालिश ही अगदी शेवटची कडी आहे.

मी इकडे निघण्याच्या आदल्या दिवशी मावशी आल्या होत्या. नातू आता अंगणभर धावतो आणि तेलाची बशी दिसली की पळून जातो. यंदा मोहाला बहर बरा आहे. बी पडली की सगळी विकायची नाही, एक पोते मागे ठेवायचे आणि घाणीवर न्यायचे, असे त्यांनी आणि शेजारच्या तिघीचौघींनी ठरवले आहे. व्यापाऱ्याने आगाऊ पैसे देऊ केले होते. ते अजून घेतलेले नाहीत. जूनमधल्या मीठमिरचीची तजवीज कशी करायची, एवढाच प्रश्न उरला आहे, आणि त्यासाठी परत गेल्यावर आम्ही त्यांच्याच ओट्यावर बसणार आहोत.